जुनापाणीची शिलावर्तुळे

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने दहा-बारा किलोमीटर गेले, म्हणजे शहराची वस्ती विरळ होते आणि मुरमाड माळ व झुडपी रान लागते. साग, पळस, तेंदू, बोरी, मध्येच एखादे मोहाचे झाड. या रानात जुनापाणी म्हणून ठिकाण आहे. तेथे झाडाझुडपांतून काळ्या दगडांची मोठमोठी रिंगणे मांडलेली दिसतात. एक नव्हे, दोन नव्हे, तीनशेच्या आसपास. वर छप्पर नाही, भिंत नाही, मूर्ती नाही, कोठे एक अक्षर कोरलेले नाही. नुसते दगड, पण ते आपोआप असे गोल बसलेले नाहीत, एवढे मात्र पाहणाऱ्याला पहिल्याच दृष्टीस कळते.

आपल्यापैकी पुष्कळ भगिनींचा जन्म नागपुरात गेला. रामटेक झाले, अंबाळा झाला, सीताबर्डीचा किल्लाही पाहून झाला. पण जुनापाणीचे नाव काढले की, "तिथे काय आहे बाई पाहण्यासारखे?" असा प्रश्न ठरलेला. यंदा स्मरणिकेसाठी पाककृती आणि कविता भरपूर आल्या आहेत, तेव्हा तुम्ही काहीतरी इतिहासावर लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर येथे देत आहे.

गेल्या मार्गशीर्षात आपल्या मंडळाच्या आम्ही अकराजणी डबे घेऊन तेथे गेलो होतो. थंडीचे दिवस निवडावे हे बरे, कारण पावसाळ्यात गवत कमरेएवढे वाढते आणि रिंगण पायाखाली आले तरी दिसत नाही. उन्हाळ्यात तर तो माळ तव्यासारखा तापतो. रस्त्यापासून थोडे आत चालल्यावर पहिले वर्तुळ लागले. दगड कोठे गुडघ्याएवढे, कोठे कमरेएवढे, एकमेकांना जवळजवळ खेटून बसविलेले. मधला भाग कासवाच्या पाठीसारखा किंचित उंच, त्यावर बारीक गोटे पसरलेले. आमच्यापैकी दोघींनी त्याच्या कडेने पावले मोजली. एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत वीसपेक्षा थोडी जास्तच भरली. त्याच्या शेजारी दुसरे, पलीकडे तिसरे लहान, मग थोडी मोकळी जागा आणि पुन्हा तीन-चार. एखाद्या मोठ्या लग्नात अंगणभर रांगोळीची वर्तुळे घालावीत आणि पाहुणे निघून गेल्यावर ती तशीच राहावीत, असे काहीसे वाटले.

जवळून पाहिले तेव्हा काही दगडांवर वाटीच्या आकाराचे लहान लहान खळगे ओळीने कोरलेले दिसले. बोट घातले तर पहिले पेर बुडेल इतपत खोल. हे खळगे नुसत्या ऊन-पावसाने पडलेले नव्हेत. ते ओळीत आहेत, आणि काही ठिकाणी एक ओळ दुसरीला काटकोनात मिळते.

शेळ्या घेऊन आलेली एक म्हातारी आमची गंमत बघत उभी होती. हे काय आहे, म्हणून तिला विचारले. "हे गवळ्यायचे वाडे हायेत, बाई. लय जुने. रात्री इकडं कोणी येत न्हाई," ती म्हणाली. मी ते वहीत टिपून घेतले, कारण तिचे उत्तर शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही मिळालेले आहे. आपल्याकडे ज्या जुन्या बांधकामाचा कर्ता आठवत नाही ते एक तर पांडवांचे, एक तर हेमाडपंताचे, नाही तर गवळी राजांचे. मध्य प्रांतात गवळी राजांच्या वाट्याला असे पुष्कळ किल्ले, विहिरी आणि दगडांची रिंगणे आलेली आहेत. साहेब लोकांचेही काही निराळे नव्हते. त्यांनी आपल्या देशात अशी रिंगणे पाहिलेली, म्हणून येथेही तीच माणसे येऊन गेली असावीत, ती मध्य आशियातील शक असावीत, असे तर्क त्यांनी लढविले. म्हातारीने गवळी म्हटले, साहेबांनी शक म्हटले, एवढाच फरक.

पण त्या साहेबांपैकी एकाची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हिस्लॉप कॉलेज आपल्या सर्वांच्या माहितीचे आहे; कित्येकींच्या मुली तेथे शिकल्या. ज्यांच्या नावाने ते 1883 साली निघाले ते स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून 1845 साली नागपूरला आलेले मिशनरी. धर्मप्रसार हे त्यांचे काम खरे, पण त्यांचा जीव रमे तो दगडांत. या भागातले खडक, त्यांतील प्राण्यांचे व वनस्पतींचे अश्मीभूत अवशेष, तसेच गोंड लोकांची भाषा व चालीरीती यांचा त्यांनी मन लावून अभ्यास केला. 1863 च्या सप्टेंबर महिन्यात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांच्याबरोबर ते बोरीच्या मुक्कामी होते. तेथून जवळच टाकळघाटला अशीच शिलावर्तुळे आहेत. ती पाहावयास ते गेले आणि सायंकाळी परत येताना वाटेतल्या नाल्याला पूर आलेला होता, त्यात बुडून त्यांचा अंत झाला. दिवस होता 4 सप्टेंबर. त्यांचे अपुरे राहिलेले कागद टेम्पल यांनी पुढे 1866 मध्ये छापून प्रसिद्ध केले. या वर्तुळांच्या अभ्यासाची सुरुवातच अशी एका माणसाच्या मृत्यूने झाली. त्या कॉलेजवरून जाता-येताना मला आता टाकळघाटचा नाला आठवतो.

त्यानंतर कामठीच्या छावणीतले मेजर पिअर्स यांनी छावणीजवळच्या वारेगावचे एक मोठे वर्तुळ खणले. आणि जुनापाणीला खणण्याचे काम केले ते रिव्हेट-कार्नाक यांनी. हे गृहस्थ सरकारी कापूस खात्याचे कमिशनर. वऱ्हाड-नागपुरात कापसाच्या निमित्ताने हिंडताना त्यांनी या रिंगणांचा छंद घेतला आणि 1879 साली आपली माहिती बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापली. दगडांवरचे ते वाट्यांसारखे खळगे त्यांच्याच नजरेत प्रथम भरले. इंग्लंड-स्कॉटलंडच्या दगडांवरील खुणांशी ते जुळतात, असे त्यांचे म्हणणे होते. वर्तुळांच्या पोटातून लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, कंकणे, घोड्याच्या तोंडातले लगामाचे कडे, अशा वस्तू त्यांना मिळाल्या. त्यातल्या पुष्कळशा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काटोल रोडवरची वस्तू पाहावयाची तर सातासमुद्रापलीकडे जावे लागते, याला काय म्हणावे ते वाचकांनी ठरवावे.

त्या काळचे खणणे म्हणजे बहुतेक वरून खड्डा घेऊन तळाशी काय आहे ते काढून घेणे. कोणती वस्तू कोणत्या थरात होती, हाडांच्या कोणत्या बाजूला होती, याची नोंद थोडी. शास्त्रशुद्ध काम स्वातंत्र्यानंतर झाले. भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी 1961-62 मध्ये जुनापाणीची तीन वर्तुळे उकलली. त्यानंतर नागपूर विद्यापीठाचे डॉ. शां. भा. देव यांनी हे काम हाती घेतले आणि विदर्भाच्या या अध्यायाचा खरा उलगडा झाला तो त्यांच्यामुळे. टाकळघाट-खापा 1968-69 मध्ये, जुनापाणीच्याच बाजूचे माहुरझरी 1970 ते 1972 मध्ये आणि पेंच नदीच्या काठचे नायकुंड 1977 ते 1980 मध्ये. दरवेळी खेड्यात तंबू ठोकून, विद्यार्थ्यांना हाताशी धरून, हिवाळाभर माती चाळावयाची, असे ते काम.

आता मूळ प्रश्न. ही वर्तुळे कशाची? ती वाडे नव्हेत, गोठे नव्हेत, देवळेही नव्हेत. ती स्मशाने आहेत. माणूस गेला की त्याची हाडे, पुष्कळदा सगळी नव्हे, निवडक, त्या जागी ठेवीत. बाजूला त्याच्या वापरातल्या वस्तू आणि मडकी मांडीत. भोवती मोठे दगड ओढून आणून रिंगण करीत, आत चिकट काळी माती भरीत आणि वर गोट्यांचा थर देत. माळावर मुरूम असताना पोटात काळी माती निघते, ती मुद्दाम दुसरीकडून वाहून आणलेली. एकेक दगड उचलावयाला किती माणसे लागली असतील, याचा अंदाज आम्ही तेथे उभ्या राहून करू लागलो. पाचजणींनी लोटून एक मध्यम दगड तसूभरही हलला नाही. एका घराचे हे काम नव्हे. एक माणूस गेला तर सगळी वस्ती कामाला लागत असली पाहिजे.

काळ म्हणाल तर सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा आणि त्याच्याही मागचा, इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचा. उत्तरेत गौतम बुद्ध हिंडत होते तो काळ यातच येतो. बख्तबुलंद शाहाने नागपूर वसविले ते 1702 साली. म्हणजे आपले शहर त्या दगडांपुढे काल पाळण्यात घातलेले पोर.

मला स्वतःला या साऱ्यात अधिक ओढ वाटते ती आत ठेवलेल्या वस्तूंची. इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या, अशी आपली शाळेपासूनची समजूत. येथे लढाईचे नाव नाही, राजाचे नाव नाही. आहे ती घरातली सामग्री. कुऱ्हाडी आहेत, तासणी आहेत, पटाशीसारखी हत्यारे आहेत. नखे काढावयाची नराणी आहे. पळीसारखी लांब दांड्याची वस्तू आहे. हातातली तांब्याची व लोखंडाची कंकणे आहेत. माहुरझरीला तांब्याच्या भांड्यांची झाकणे निघाली, त्यांच्या मुठीच्या जागी पक्षी बसविलेला आहे. झाकण उचलताना हाताला धरावयास काहीतरी हवे, हे खरे; पण ते नुसते गाठोडे न करता त्याचा पक्षी करावा, असे ज्याला वाटले त्या कारागिराचे मला कौतुक वाटते. माहुरझरी तर मण्यांचे मोठे केंद्र होते. अकीक आणि इतर रंगीत खड्यांना घासून, भोके पाडून तेथे मणी करीत आणि हा धंदा वाकाटकांच्या काळापर्यंत चालला.

मडकी दोन रंगांची सापडतात. आतून आणि काठाजवळ काळी, खाली बाहेरून तांबडी. हे रंग देऊन केलेले नाही. मडके भट्टीत पालथे घालून भाजले म्हणजे पालथ्या भागाला हवा लागत नाही, तो काळा राहतो आणि उघडा भाग लाल होतो, असे जाणकार सांगतात. चुलीवर भाकरी पालथी घालणाऱ्या आपण बायकांना ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

मग ही माणसे राहत कोठे? वर्षानुवर्षे स्मशानेच सापडत होती, घरे सापडत नव्हती. त्यामुळे हे लोक नुसते भटके असावेत, असा समज होता. टाकळघाटला राहण्याची जागा आणि जवळच खाप्याला दफनाची जागा, अशी जोडी मिळाली तेव्हा या प्रश्नाला प्रथम वाट फुटली. पुढे नायकुंडला लाकडी खांब रोवून केलेल्या गोल झोपड्यांच्या खुणा मिळाल्या आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. मातीच्या विटा रचून केलेली लहानशी भट्टी, हवा फुंकण्याच्या मातीच्या नळ्या आणि भोवती लोखंडाच्या मळीचे ढीग. म्हणजे कुऱ्हाडी बाहेरून विकत आणलेल्या नव्हेत, येथेच पेंचच्या काठी घडविलेल्या. या वस्त्यांच्या मातीत जळके दाणे मिळाले, त्यांत गहू, मसूर, वाटाणा आहे, बोरे आहेत. शेतीही होती आणि गुरेही होती. दगड ओढून आणलेले माळ मुरमाड, पिकाला कुचकामाचे. काळी कसदार जमीन पेरणीला ठेवून नापिकी जागा मृतांना दिली, एवढा व्यवहार त्यांना कळत होता. वर्तुळे इतकी वर्षे टिकली तीही त्यामुळेच. त्या मुरमावर नांगर घालावा असे मागून कोणाला वाटले नाही.

आणि घोडा! माहुरझरीच्या वर्तुळांत माणसाच्या हाडांबरोबर घोड्याची हाडे निघाली. घोड्याच्या तोंडावर बांधावयाचे, तांब्याच्या पातळ पत्र्याचे अलंकार निघाले. घंटिका निघाल्या. धन्याबरोबर घोडाही गेला किंवा पाठविला गेला. तो घोडा जिवंतपणी कोणाच्या हातचा दाणा खात होता, त्या घरच्या बाईला काय वाटले असेल, हे मात्र कोणत्याही खड्ड्यातून निघावयाचे नाही.

ते लोक कोण होते, या प्रश्नापाशी मात्र विद्वानांचेही एकमत नाही आणि लिहिलेला शब्द एकही नसताना ते व्हावे तरी कसे? गडचिरोलीच्या रानात भामरागडकडे माडिया लोक आजही आपल्या मृतांच्या नावाने उभे दगड रोवतात. बस्तरकडे अशा दगडांना उरसकल म्हणतात. म्हणून जुनापाणीचे लोक तेच, असे कोणी म्हटले तर ती उडी फार मोठी होईल. पण गेलेल्या माणसाला दगडाने आठवणीत ठेवण्याची चाल आपल्याच विदर्भात अजून जिवंत आहे, हे मला त्या म्हातारीच्या गवळ्यांपेक्षा आणि साहेबांच्या शकांपेक्षा अधिक जवळचे वाटते. वाटीसारख्या खळग्यांचेही तसेच. अलीकडे काही अभ्यासकांनी त्यांच्या दिशा मोजून सूर्याच्या व ताऱ्यांच्या गतीशी त्यांचा संबंध लावून पाहिला आहे. तसे असेल तर रात्री आकाश बघत बसणारे कोणी तेथे होते. खळग्यांचा अर्थ अजून पक्का लागलेला नाही.

तो लागावयाचा असेल तर दगड जागेवर राहावयास हवेत. माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट ती हीच. जुनापाणीची वर्तुळे सरकारी संरक्षणाखाली आहेत. 1958 च्या कायद्याने त्यांना हात लावणे गुन्हा आहे. पण विदर्भात अशी वर्तुळे जागोजाग विखुरलेली आहेत आणि ती सगळीच कायद्याच्या पाटीखाली आलेली नाहीत. शेताच्या बांधाला दगड हवा, घराच्या पायाला हवा, रस्त्याच्या खडीला हवा, नवीन लेआउट पाडावयाचा तर जागा साफ हवी. दुसऱ्या एका गावच्या शिवारात, ज्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, आम्ही परतताना एक वर्तुळ पाहिले. अर्धे दगड गेलेले होते आणि मधोमध पुरुषभर खड्डा. काठावर लिंबे, कुंकू आणि फुटका नारळ. गुप्तधनाच्या नादाने कोणीतरी अमावस्येला खणून गेलेले दिसत होते. वास्तविक ही स्मशाने नाण्यांचा प्रघात नुकताच कोठे सुरू होत होता त्या काळातली. त्यात मोहरांचे हंडे यावेत कोठून? मडक्यांची खापरे मात्र खड्ड्याच्या कडेला भिरकावलेली होती. काळी आणि तांबडी.

आमच्यातल्या एका काकूंनी त्यातले एक खापर उचलले आणि आठवण म्हणून पिशवीत टाकू लागल्या. मी त्यांना थांबविले. त्या थोड्या रागावल्या. "अहो, नाही तरी ते फेकलेलेच आहे," त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण राजांनी ताम्रपट लिहून ठेवले, ते कोठेही नेले तरी वाचता येतात. या माणसांनी काही लिहिले नाही. कुऱ्हाड उशाशी होती की पायाशी, मडके पालथे होते की उताणे, घोडा डावीकडे होता की उजवीकडे, हीच त्यांची लिपी. दगड हलला की एक ओळ पुसली आणि खापर पिशवीत गेले की एक अक्षर गेले. काकूंनी खापर होते तेथे ठेवले. वाटेत फेटरीला चहा घेईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, नंतर बोलू लागल्या.

ज्या भगिनींना पायपीट झेपत नाही त्यांनी निदान अजब बंगल्यात जावे. 1863 पासूनचे हे आपले संग्रहालय; सोमवारची सुट्टी लक्षात ठेवून, नातवंडांना बरोबर घेऊन जावे. वाघ आणि हत्ती पाहून झाले की पुरातत्त्वाच्या दालनात थोडे थांबावे. आणि जुनापाणीला जावयाचे असेल तर माघापर्यंत जावे. एक वर्तुळ निवडून त्याचे दगड मोजावेत, कोणत्या दगडावर किती खळगे आहेत ते वहीत उतरून घ्यावे. आम्ही मोजलेल्या वर्तुळाचा कच्चा नकाशा मंडळाच्या वाचनालयात, कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवला आहे. पुढच्या वर्षी कोणी गेल्या तर त्याच्याशी ताडून पाहावे आणि एखादा दगड कमी भरला तर पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कचेरीला तारीख घालून पत्र लिहावे. पत्राचा मसुदा चिटणीसबाईंकडे आहे.